नऊ पेन्सची नॉटपेड चिठ्ठी

मी एक जुनी चिठ्ठी आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवते, मला राग आलेला आहे. जुन्या वस्तू तुमच्याशी बोलायला बसल्या की कशा गोड गोड बोलतात, माझं बालपण काय, माझे सोन्याचे दिवस काय. तसलं माझ्याकडे काही मिळणार नाही. माझ्या अंगावर एक बातमी लिहिली होती. ती एका बाईला सांगायची होती. एकशे अठ्ठ्याऐंशी वर्षं ती कुणी वाचली नाही. मला बघितलं मात्र शेकडो लोकांनी. भिंगातून बघितलं, मोजपट्टी लावून बघितलं, खिडकीच्या उजेडात धरून बघितलं. वाचायचं तेवढं राहिलं. जेवायला वाढलेलं ताट कुणी कौतुकाने भिंतीवर टांगून ठेवलं तर तुम्ही काय म्हणाल? मग मी चिडले तर नवल काय?

माझा कागद चिंध्यांचा आहे. तेव्हा इंग्लंडात जुन्या कापडाच्या चिंध्या कुटून कागद करायचे, म्हणून मी अजून धडधाकट आहे. तुमच्या वहीच्या पानासारखी पिवळी पडून मोडत नाही. १८३७ सालच्या मार्च महिन्यात मँचेस्टर शहरात सारा नावाच्या मुलीने मला विकत घेतलं. मँचेस्टर म्हणजे त्या काळची भिवंडीच समजा. गल्लोगल्ली लूम, कानठळ्या बसवणारा खडखडाट, हवेत कापसाचे तंतू आणि खेड्यापाड्यांतून पोटासाठी आलेली माणसं. सारा लूमवर होती, तिच्या शेजारच्या लूमवर हॅना होती. दोघी एकाच खोलीत राहायच्या आणि थंडीत एकच पांघरूण ओढून घ्यायच्या.

आता त्या वेळचं टपाल कसं चालायचं ते नीट ऐका, नाहीतर माझा राग तुम्हाला कळायचा नाही. टपालाचं तिकीट अजून जन्माला यायचं होतं. पाकीटही कुणी वापरत नसे, कारण पाकीट घातलं की दोन कागद मोजायचे आणि दुप्पट आकार लावायचे. म्हणून एकाच कागदावर मजकूर लिहायचा, त्याचीच घडी घालायची, टोक आत खोचायचं, पिठाची लाल टिकली ओली करून त्यावर दाबायची आणि वर पत्ता लिहायचा. आणि पैसे कोण देणार? ज्याला चिठ्ठी आली तो. तुमच्या आजी-आजोबांना विचारा, बिनतिकिटाच्या पत्राला आपल्याकडे ‘नॉटपेड’ म्हणायचे. पोस्टमन नॉटपेड घेऊन दारात उभा राहिला की घरातली माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघायची. त्या काळी आम्ही बहुतेक सगळ्याच नॉटपेड. टपालवाला काळ्या शाईने आमच्या तोंडावर आकडा लिहायचा आणि दारात हात पसरायचा.

हॅनाची आई लिंकनशायरमधल्या एका खेड्यात राहायची. तेवढ्या अंतराला नऊ पेन्स पडायचे, म्हणजे शेतमजुराची अर्ध्या दिवसाची मजुरी. ती बिचारी कुठून आणणार? म्हणून मायलेकींनी एक युक्ती काढली होती. हॅनाला लिहिता येत नव्हतं. ती कोऱ्या कागदाचीच घडी घालायची, टिकली लावायची, पत्ता साराकडून लिहून घ्यायची आणि मागच्या बाजूला, टिकलीच्या शेजारी कागदाचा जो कोपरा बाहेर राहतो त्यावर, स्वतःच्या हाताने एक छोटी फुली काढायची. आई चिठ्ठी हातात घ्यायची, उलटी करायची, फुली बघायची. फुली म्हणजे मी खुशाल आहे. मग चिठ्ठी परत. सरकारचा आकार बुडाला आणि निरोप फुकटात पोचला. ही लबाडी होती, सापडलं तर पंचाईत, म्हणून हॅनाने ही गोष्ट साराच्याही कानावर घातली नव्हती. साराला वाटायचं, ज्यांना अक्षर येत नाही ते सहीच्या जागी फुली मारतात, तशी ही मारत असेल.

हॅना मार्चच्या सात तारखेला तापाने गेली. साराने मला विकत घेतलं आणि खिडकीशी बसून माझ्यावर लिहिलं. लिहिताना दोनदा थांबली. मग मला घडी घातली, टिकली लावली, पत्ता लिहिला. आणि मागे वळवून त्या कोपऱ्यावर, मैत्रिणीची आठवण म्हणून, हॅना काढायची तशीच छोटी फुली काढली.

मी तेव्हाच ओरडायला हवं होतं. पण चिठ्ठीला तोंड कुठे असतं? जे काही बोलायचं ते पोटात असतं आणि पोट टिकलीने बंद केलेलं असतं.

चौथ्या दिवशी मी हॅनाच्या आईच्या हातात पडले. तिने अक्षर ओळखलं. मला उलटं केलं. फुली बघितली. आणि मित्रांनो, ती हसली. पाय दुखत होता म्हणून दाराला टेकून उभी होती, तरी हसली. मला पोस्टमनच्या हातात परत देत म्हणाली, ‘नको बाबा, एवढे पैसे माझ्याकडे नाहीत.’ पोस्टमनने माझ्यावर एक शब्द खरडला, ‘नाकारली’. मी त्या बाईवर इतकी संतापले होते म्हणून सांगू. उघड ना मला, मी मनात म्हणत होते, अगं उघड, तुझी लेक गेली. ती आत जाऊन भाकरीचं पीठ मळायला लागलीसुद्धा.

नियमाप्रमाणे अशी परत आलेली चिठ्ठी लंडनच्या कचेरीत जायला हवी होती. तिथले कारकून ती उघडून पाठवणाऱ्याचं नाव शोधायचे. म्हणजे निदान त्यांनी तरी मला वाचलं असतं. पण गावचं पोस्ट होतं एका वाण्याच्या दुकानात, आणि दुकानवाल्या बाईने मला खणात टाकलं. खण भरलेला, ओढला की मागे काहीतरी सरकायचं. मी सरकले आणि मागच्या फटीत पडले. तिने शोधलंही नाही. कामचुकार बाई, दुसरं काय म्हणायचं?

त्या फटीत मी नव्वद वर्षं होते. पण पहिल्या चार वर्षांनी जे केलं ते पुढच्या शहाऐंशींनी नाही केलं. हॅनाची आई दर आठवड्याला दुकानात यायची. मीठ घ्यायची, मेणबत्ती घ्यायची आणि विचारायची, ‘माझ्या पोरीची खूण आली का?’ दुकानवाली म्हणायची, ‘नाही.’ आई म्हणायची, ‘कामात असेल.’ मी एका हाताच्या अंतरावर, फटीत. मग १८४० साल आलं, तिकीट निघालं, दर उतरला आणि एका पेनीत चिठ्ठी देशभर जाऊ लागली. त्या दिवशी आई पेनी मुठीत धरून आली आणि म्हणाली, आता मी पैसे देऊ शकते, आता ती लिहील. पुढच्या हिवाळ्यानंतर तिचा आवाज आला नाही. तिला कुणी सांगितलं की नाही ते मला माहीत नाही. मी सांगितलं नाही, एवढं मला माहीत आहे.

पुढे कधीतरी ते दुकान मोडलं, सुताराने खण काढला आणि मी बाहेर पडले. वाटलं, चला, आता तरी कुणी उघडेल. कप्पाळ माझं. मला घेतलं एका संग्राहकाने. तिकीट निघण्याच्या आधीची पत्रं जमवणारे लोक असतात, हे मला तेव्हा कळलं. शिक्के, आकडे, मैलांच्या खुणा, सगळं त्यांना पाठ. त्याने मला बघितलं आणि हर्षाने उडालाच. ‘न उघडलेली,’ तो म्हणाला, ‘कुणी उघडू नका.’ त्याच्याकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे, प्रत्येकाने मला तसंच जपलं. मला वाळवी लागू दिली नाही, ओल लागू दिली नाही, उजेड लागू दिला नाही आणि वाचूही दिलं नाही. एवढ्या मायेने कुणाचा गळा दाबलेला तुम्ही ऐकलाय का?

शेवटचा होता लीड्सजवळचा एक म्हातारा निवृत्त पोस्टमन. त्याची पत्रमैत्री होती भिवंडीच्या केसरीनाथशी. १९९४ साली कोचीन संस्थानच्या दोन जुन्या पाकिटांच्या बदल्यात त्याने मला केसरीनाथकडे पाठवलं. अशी मी भिवंडीजवळच्या त्याच्या गावी, दापोड्याला आले.

केसरीनाथ भिवंडीच्या पोस्टात पत्रं लावायच्या टेबलावर होता आणि नॉटपेडवर दंडाचा आकडा घालायचं काम त्याच्याकडे असायचं. त्यातूनच त्याला आमचा नाद लागला. त्याच्या चुलतभावांनी भाताच्या खाचरांवर गोदामं उभी केली, दिवसरात्र कंटेनर लागतात. हा मात्र माळ्यावरच्या खोलीत पंखा बंद करून बसायचा, कागद उडू नयेत म्हणून. माणूस वाईट नाही. हात धुतल्याशिवाय मला कधी शिवला नाही. पण माझ्यासारख्या साठ जणी त्याच्या वह्यांत होत्या आणि एकीच्याही पोटात काय आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. म्हणायचा, ते जुनं अक्षर कोण लावत बसणार, आपल्याला शिक्क्यांशी मतलब.

आणि ती फुली. अरे देवा, ती फुली. केसरीनाथने तिच्यावर सहा पानांचा लेख लिहिला. त्याचं म्हणणं, ही लिंकनशायरच्या एका लहान टपाल कचेरीची आजवर कुणाला न सापडलेली खूण आहे. पुण्याच्या एका संग्राहकाने संग्राहक मंडळाच्या मासिकात उलट लिहिलं की ही वाटणाऱ्याची खूण आहे, कचेरीची नव्हे. सहा वर्षं दोघं भांडले. तळटीपा काय, नकाशे काय. मी प्लास्टिकच्या आवरणात पडून ऐकायचे आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. एका मेलेल्या मुलीच्या मैत्रिणीने मायेने काढलेली दोन रेघांची खूण, तिच्यावर ह्यांची विद्वत्ता.

ह्या वर्षी पुण्याला टपाल-संग्रहांचं मोठं प्रदर्शन होतं. केसरीनाथला आधी दोनदा कांस्यपदक मिळालं होतं आणि परीक्षकाने सांगितलं होतं, ‘तुमच्याकडे डोळ्यांत भरणारी एक तरी वस्तू हवी.’ ह्या खेपेला ती वस्तू मी होते. सगळ्यात शेवटच्या पानावर, एकटी, चारी बाजूंनी काळी चौकट. केसरीनाथचं वय झालेलं, पुढच्या प्रदर्शनापर्यंत हात-डोळे साथ देतील की नाही सांगता येत नव्हतं. सुवर्णपदकाची त्याला फार आस होती, आणि ते मिळालं तर मी कायमची बंद राहणार, हे मला दिसत होतं.

त्याची सून मेघाली. तिला सुट्टी मंगळवारी. ती गावातल्याच एका मोठ्या गोदामात आहे, ऑनलाइन मागवलेला माल परत येतो त्या खात्यात. प्रदर्शनात पत्रांखाली लावायची केसरीनाथची इंग्रजी चिठोरी लॅपटॉपवर टाइप करून द्यायला ती दुपारी बसली होती. शेजारी केसरीनाथची थोरली बहीण आक्का सुपात सुका जवळा निवडत होती. आक्का विधवा, अक्षरओळख नाही, भावाकडेच राहते.

केसरीनाथने सांगितलं, ‘लिही. मँचेस्टर ते लिंकनशायर, आकार नऊ पेन्स, रिफ्यूज्ड, अनओपन्ड.’

मेघालीची बोटं थांबली. ‘बाबा, रिफ्यूज्ड म्हणजे? कस्टमरने घेतलं नाही?’

‘हो. पोस्टमन दारात गेला, तिने पैसे द्यायला नकार दिला, परत केलं.’

‘मग हा रिटर्न आहे.’

‘रिटर्न काय म्हणतेस? तिकिटापूर्वीचं अखंड पत्र आहे हे.’

‘बाबा, आमच्याकडे असे दिवसाला चारशे येतात,’ मेघाली म्हणाली. ‘दारात पैसे द्यायचे असतात, पोरगा पार्सल घेऊन जातो, कस्टमर बोलतो नको, आणि माल परत आमच्याकडे. पण रिटर्न तसाच रॅकला लावत नाहीत. फोडायचा, आत काय आहे बघायचं, ते लिहायचं, मग लावायचा. न फोडता लावला तर सुपरवायझर अख्ख्या शिफ्टसमोर बोलतो, अंदर क्या है देखा नहीं तो काम क्या किया.’

मी त्या सुपरवायझरला कधी बघितलेलं नाही. पण त्या क्षणी मला तो फार मोठा माणूस वाटला.

‘हे फोडलं तर संपलं सगळं,’ केसरीनाथ म्हणाला. ‘कुणी उघडलेलं नाही हीच ह्याची शान आहे.’

आक्काने जवळ्यातून मान वर केली. ‘आन आत काय लिवलंय?’

‘कुनालाच म्हाईत न्हाय, आक्का.’

‘तीस वर्सं तुज्याकडं हाय आन तुला म्हाईत न्हाय?’

‘मला शिक्के म्हाईत हायत.’

‘कुनाला लिवलंय?’

‘एका म्हातारीला. तिनं घेतलंच न्हाय.’

आक्काने सूप मांडीवरून खाली ठेवलं. हातातला कचरा बाजूला काढला आणि म्हणाली, ‘केशा, तू पोस्टात लागलास तवा सगला गाव तुज्याकडून पत्रं वाचून घ्यायचा. आमचे मालक रेतीच्या होडीवर असताना वारले, त्यांच्या मयताचं कारड आलं, ते तूच मला वाचून दावलंस. दारात उभा राहून वाचलंस, आन फाडून टाकलंस. तवा शिक्का कुटला हाय ते बघत बसला व्हतास का?’

केसरीनाथ लाल झाला. ‘त्याचा ह्याच्याशी काय संबंध?’ असं म्हणून त्याने मला उचललं, आवरणात घातलं आणि पानाचे चारी कोपरे घट्ट बसवले. मेघालीने लॅपटॉप मिटला. ‘आत काय आहे ते न बघता मी लिहिणार नाही, बाबा. सवय नाही मला.’ आणि ती चहा टाकायला गेली. एवढंच. भांडण नाही, रडारड नाही.

आक्काने मात्र तीन दिवस अबोला धरला. भावाला ताट वाढायची, पाणी द्यायची, बोलायची नाही. आणि मी? मी त्या तीन दिवसांत केसरीनाथला जितक्या शिव्या घातल्या तितक्या नव्वद वर्षांत त्या दुकानवालीला घातल्या नव्हत्या. तुला लाज कशी वाटत नाही, मी म्हणत होते. तू तर टपालाचा माणूस. पत्र पोचवायचं हा तुझा धंदा. आयुष्यभर त्यासाठी पगार घेतलास आणि घरात एक न पोचलेलं पत्र तीस वर्षं दडवून ठेवलंस, वर त्याला पदक मागतोस.

शुक्रवारी दुपारी मेघाली सकाळपाळी संपवून घरी आली तोवर प्रदर्शनाची पेटी भरून झाली होती. केसरीनाथने ती पुन्हा उघडली आणि मला बाहेर काढलं. भिंग लावून बघितलं, नेहमीसारखं. मग भिंग खाली ठेवलं. तसाच बसून राहिला. मला वाटलं, परत आत घालणार. तो खाली ओटीवर आला आणि म्हणाला, ‘आक्का, इकडं ये. मेघालीला पन बोलव.’ दाढीचं नवं पातं काढलं. ते टिकलीखालून हळूहळू सरकवलं. ‘गेलं आपलं पदक,’ एवढंच पुटपुटला.

आणि मी उघडले. ते कसं वाटलं हे सांगायला माझ्याकडे शब्द नाहीत, आणि माझ्याकडे शब्दच तर आहेत. एकशे अठ्ठ्याऐंशी वर्षांनी माझ्या पोटावर वारा लागला, भिवंडीचा, डिझेलचा वास असलेला.

मेघालीने मोबाइलवर फोटो काढून अक्षरं मोठी केली आणि एकेक शब्द लावत, मराठी करत वाचलं. मध्येच अडायची, केसरीनाथ सांगायचा. माझ्यावर हे लिहिलं होतं:

‘हॅनाच्या आई, हे तुम्हाला कुणी वाचून दाखवेल त्यांनी हळू वाचावं. हॅना मंगळवारी पहाटे तापाने गेली. पाच दिवस ताप होता. आम्ही तिला गुरुवारी पुरलं, मी होते आणि आमच्या लूमवरच्या दोघी होत्या. शुद्धीत होती तोवर विचारत होती की आईचा पाय बरा झाला का. तिची निळी शाल माझ्याकडे आहे, ती तुमची आहे, कुणी आलं तर देईन. ती नेहमी काढायची ती खूण मी मागे काढली आहे, कारण तिच्याशिवाय चिठ्ठी पाठवायला मला बरं वाटेना. सारा.’

बाहेर एक कंटेनर मागे घेत होते, त्याची पीं पीं चालली होती.

मग केसरीनाथ म्हणाला, ‘ती खूण पोस्टाची न्हाय.’ सहा पानं, सहा वर्षं, आणि त्याचा आवाज एवढासा. ‘आक्का, त्या वेळी लोक असंच करायचे. वर काहीतरी खूण काढायची, म्हणजे पैसे न देता निरोप मिळायचा. फुली म्हणजे खुशाल. तिनं फुली बघितली, म्हणून घेतलं न्हाय.’

‘म्हंजी लेक खुशाल हाय असं समजून ती बाई बसली,’ आक्का म्हणाली.

‘हो.’

आक्का उठली. जवळ्याचं सूप बाजूला ठेवलं, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, ‘मेघाली, पानी तापव. सगल्यांनी आंगोल करायची.’

‘आक्का, दोनशे वर्षं होत आली त्या गोष्टीला,’ मेघाली म्हणाली.

‘आपल्याला आज कललं. कललं तवा पानी घ्यायचं असतं.’

मित्रांनो, ह्या एका वाक्यासाठी मी आक्काच्या पायावर डोकं ठेवायला तयार आहे. भिंगवाले, मोजपट्टीवाले, तळटीपवाले आले आणि गेले, आणि हॅनाच्या नावाने अंगावर पाणी घ्यायचं सुचलं कुणाला, तर जिला एक अक्षर येत नाही त्या बाईला.

पण ती तेवढ्यावर थांबली नाही. ‘आन मयताचं पत्र घरात ठेवत न्हाईत,’ ती म्हणाली. ‘फाड.’

केसरीनाथने दोन्ही हात माझ्यावर पालथे घातले. ‘आक्का, हे नको. पाया पडतो.’

मी खरं सांगते, माझी तयारी होती. माझं काम झालं होतं. वाचून झालेल्या चिठ्ठीने हट्ट कशाला धरायचा? फाडलं असतं तर मी हूं की चूं केलं नसतं. पण केसरीनाथच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते पदकासाठी नव्हतं, हे मलाही दिसलं आणि आक्कालाही.

‘बरं, मंग कोपरा तरी फाड,’ ती म्हणाली. ‘मयताच्या कारडाचा कोपरा फाटलेला असतो, म्हंजी दारातच कलतं.’

‘कंचा कोपरा?’

‘त्या फुलीचा. खोटं बोलली ती.’

त्याच्याने झालं नाही. त्याने हात बाजूला घेतले. आक्काने मला उचललं, जवळ्याचा वास असलेल्या बोटांनी, हात न धुता, आणि फुलीचा कोपरा टर्रकन फाडला. बाहेर जाऊन तो तुकडा मोरीच्या पाण्यात सोडला. साराने मायेने काढली होती ती फुली, मला माहीत आहे. तरीही मला वाईट वाटलं नाही. एकशे अठ्ठ्याऐंशी वर्षं मी ते खोटं अंगावर घेऊन फिरत होते आणि कुणाला त्याचं काही नव्हतं.

त्या दुपारी घरात सगळ्यांनी अंघोळी केल्या. दिवेलागणीला आक्काने एक घास बाहेर ठेवला आणि कावळे घरट्यात गेले असतील म्हणून स्वतःच पुटपुटली.

केसरीनाथ मला घेऊन पुण्याला गेला. परीक्षक माझ्यासमोर उभे राहिले, चष्मा वर केला. ‘हे ते न उघडलेलं ना? आणि कोपरा कुठे गेला?’

‘बहिणीने फाडला,’ केसरीनाथ म्हणाला. ‘मयताचं पत्र होतं.’

परीक्षकांनी त्याच्याकडे असं बघितलं की जणू माणसाच्या डोक्यावर परिणाम झालाय. कागदावर लिहिलं, ‘वस्तू खराब केलेली’. ह्या वेळी कांस्यसुद्धा नाही. त्यांनी खाली लावलेलं साराच्या मजकुराचं भाषांतर वाचलं नाही, त्यांना पुढच्या चौकटी बघायच्या होत्या. पुण्याचा तो भांडखोर संग्राहक मात्र आला, वाचलं, आणि केसरीनाथच्या खांद्यावर हात ठेवून गेला. ह्या लोकांवरचा माझा राग ह्यामुळे किंचित उतरला. किंचितच.

परत आल्यावर केसरीनाथने फुलीवरचा लेख मागे घेतल्याचं पत्र लिहिलं. मग दुसरी वही काढली. आता दर मंगळवारी दुपारी मेघाली एक चिठ्ठी मोबाइलवर मोठी करून वाचते. एकीत कुणीतरी डुकराचा सौदा केलाय, एकीत मुलाने गलबतावर पळून जाण्याआधी क्षमा मागितलीय, एकीत नुसत्या आजीच्या खोकल्याच्या तक्रारी आहेत. आक्का ऐकते आणि प्रत्येकीला एकच विचारते, ‘ही पोचली व्हती का न्हाय?’ केसरीनाथ मग शिक्के बघून सांगतो, पोचली होती, अमुक तारखेला. त्यासाठी शिक्के उपयोगी पडतात, हे मी मान्य करते. अजून चव्वेचाळीस जणी वाचायच्या राहिल्या आहेत.

तेव्हा मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी मोठं होऊन जुनी पत्रं जमवणार असेल तर जरूर जमवा. वाळवीपासून जपा, ओलीपासून जपा, हात धुवून शिवा. मी नको म्हणत नाही. पण शिक्का मग बघा, आकडा मग बघा, दुर्मीळ आहे की नाही ते अगदी शेवटी बघा. आधी वाचा. आत कुणाची तरी लेक गेलेली असते, आणि तिच्या आईला सांगायचं राहिलेलं असतं.